लातूरच्या दादांना, आमच्या सॉफ्टवेअरचं लॉक पुन्हा चालू करून दिल्याबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन पुरला असता. पण गेल्या काही दिवसांत परळीहून, गंगाखेडहून, वसमतहून ओळखीच्या डीटीपीवाल्यांचे, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्यांचे, फोन येतायत आणि प्रत्येकाची तक्रार तीच: विंडोज नवं टाकलं आणि पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर ओळख दाखवायला तयार नाही. तेव्हा तुम्ही आमच्या छापखान्यात येऊन संगणक कसा दुरुस्त केलात ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून हे पत्र उघडं लिहितेय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार संपला. आमचं बँकेचं आणि जीएसटीचं काम छपाईच्याच संगणकावर चालतं, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट बंद झालेला संगणक वापरत राहणं पटत नव्हतं. दिवाळीनंतर विंडोज ११ टाकून घेतलं. विंडोजचं स्वतःचं ॲक्टिव्हेशन, म्हणजे ते विकत घेतल्याची कंपनीकडची नोंद, जसंच्या तसं राहिलं. अडलं ते पुढं. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडलं की ‘लॉक सापडत नाही’ म्हणे, आणि लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण म्हणून यूएसबीला लावायची छोटी वस्तू, तर मागं लावलेलंच होतं. डिझाइनचं दुसरं सॉफ्टवेअर ‘की’, म्हणजे खरेदीसोबत मिळालेला क्रमांक, मागायचं आणि तो दिला तर मर्यादा संपल्याचं सांगून बंद व्हायचं.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय असं वाटेल. छापखान्यातल्याला समजेल. आमच्या जुन्या फाइली युनिकोडमधल्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा, नाहीत. ते सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट नसतील तर शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, सप्त्याच्या पत्रिका, सगळा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग. तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई सुरू झालेली. लग्नाचं गिऱ्हाईक एखादा दिवस थांबतंही. पण तेरवीच्या पत्रिकेला कोण थांबणार? घाटनांदूरकडचं एक कुटुंब दारात उभं होतं आणि त्यांना दुसरीकडे पाठवावं लागलं. ते मला फार लागलं.

त्या दिवसांत ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच, ‘क्रॅक टाका, पाच मिनिटांचं काम.’ क्रॅक म्हणजे कुलूप तोडून सॉफ्टवेअर फुकट चालवायची युक्ती. दादा, तुमचे पहिले आभार इथे आहेत. तुम्ही क्रॅकचं नावही काढलं नाहीत. एसटीनं आलात, पाणी प्यालात आणि विचारलंत, ‘ताई, बिलं आहेत का?’ मी फाइल पुढं ठेवली. ती नीट वाचून तुम्ही म्हणालात, ‘पैसे भरलेत ना, मग हे तुमच्या हक्काचं आहे. चालायलाच पाहिजे. आधी बघूत, मग ठरवूत.’ आमच्या धंद्यात चोरीचं सॉफ्टवेअर इतकं सरसकट चालतं की विकत घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. विकत घेतलेल्या वस्तूसाठी कुणी इतक्या गांभीर्यानं बसावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही घाई न करता एकेक गोष्ट सुटी केलीत. लॉकचं प्रकरण वेगळं, ॲक्टिव्हेशनचं वेगळं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकच्या नावापुढं पिवळा त्रिकोण दिसत होता. लॉक खराब नव्हतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखून देणारा छोटा प्रोग्राम, फार जुना होता. विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय असते. ती चालू असली की असे जुने ड्रायव्हर विंडोज चढूच देत नाही. आमच्याकडे ती चालू होती. इथल्या एकानं ती बंद करून टाका असं आधी सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, बंद केली तर लॉक कदाचित चालेल, पण ज्या संगणकावरून बँकेत पैसे पाठवता त्याचं दार कशाला उघडं ठेवायचं? म्हणून तुम्ही लॉक बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेतलात. लॉक काढून ठेवलं, जुना ड्रायव्हर पूर्ण उडवला, संगणक बंद करून चालू केला, नवा टाकला, आणि मगच लॉक लावलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, हे वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात घ्यावं. लॉक लावलेलं ठेवूनच ड्रायव्हर बदलायला गेलं की जुनंच पुन्हा मानेवर बसतं. लॉकचा तांबडा दिवा लागला तेव्हा आमचा मशीनवरचा माणूसही हातातलं काम टाकून बघायला आला.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं कोडं मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर संगणकाची ओळख डिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, विंडोजची स्वतःची नोंद अशा खुणांवरून ठरवतं. विंडोज बदललं की यातली एखादी खूण बदलते आणि जुनाच संगणक त्याला नवा वाटतो. रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, म्हणून म्हातारी काय बदललेली असते का, असं तुम्ही म्हणालात. आमचं लायसन्स दोन संगणकांचं, दोन्ही जागा आधीच भरलेल्या. अपग्रेड झालेला संगणक तिसरा म्हणून मोजला गेला. यावर संगणकात करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तुम्ही कंपनीला मेल लिहायला बसलात. बिलाचा क्रमांक, ‘की’चे शेवटचे काही आकडे, अपग्रेड कधी झालं, स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, एवढंच, आर्जव नाही की रागराग नाही. त्यांनी जुनी नोंद मोकळी केली आणि तीच ‘की’ चालली.

आणि ती तारीख! बँकेची साइट मधूनच उघडायची नाही, हे मी सहज बोलून गेले. तुम्ही तेवढ्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलंत, मग संगणकाची पेटी उघडलीत. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, सीआर २०३२ सेल संपलेला. संगणक बंद असताना तारीख-वेळ हाच सेल सांभाळतो. आमच्याकडे लाइट गेली की संगणक पूर्ण बंद होतो, आणि परत चालू झाला की तारीख कित्येक वर्षं मागं. अशा तारखेवर सुरक्षित जोडणी होतच नाही. बँकेची नाही आणि ॲक्टिव्हेशनच्या सर्व्हरचीही नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळणारा सेल. सगळंच अपग्रेडच्या माथी मारायचं नसतं, असं तुम्ही तेव्हा म्हणालात. मी हे फोन करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा सांगते: आधी तारीख बघा.

जाताना तुम्ही हे सगळं वहीत लिहून दिलंत, मराठीत, माझ्या हाताखालच्या पोरीला वाचता येईल अशा अक्षरांत. बहुतेक कारागीर आपली विद्या अशी ठेवून जात नाहीत. त्यांचंही पोट आहे, मी दोष देत नाही. पण तुम्ही ठेवून गेलात. त्या पानाचा फोटो मी वसमतला पाठवला आणि तिथलं लॉक त्यांनी स्वतःच चालू केलं. मेहनताना तुम्ही रीतसर घेतलात, पावती दिलीत, हेही मला आवडलं. काम चोख आणि व्यवहारही चोख.

त्या घाटनांदूरच्या कुटुंबानं वर्षश्राद्धाची पत्रिका आमच्याकडेच करायची असं कळवलंय.

आता एक विनंती. आमचा दुसरा संगणक अजून विंडोज १० वरच आहे. त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ त्याला नियमानं चालत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून ठेवलीय, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा तर त्याआधीच बदलावा लागेल. लगीनसराई उरकली की जूनमध्ये सवडीनं या. या वेळी त्या संगणकावरचं लायसन्स आधी डीॲक्टिव्हेट करूत, म्हणजे त्याची जागा मोकळी करूत, आणि मगच पेटी उघडूत. बिलं काढून ठेवते. येण्याआधी फोन करा, म्हणजे जेवायला थांबता येईल असा दिवस ठरवता येईल.

तुमची,
अंबाजोगाईच्या छापखान्यातली ताई