कल्याण स्टेशनबाहेरच्या रानभाजीवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

पावसाच्या तोंडावर तुम्ही पुन्हा तुमच्या जागेवर दिसलात आणि ठरवलं, यंदा आभार मनातल्या मनात ठेवायचे नाहीत, चारचौघांत मानायचे. रानभाज्यांच्या पाककृती हल्ली सगळीकडे वाचायला मिळतात. पण ती भाजी निवडायची कशी हे ज्या बाईने पाटीजवळ बसून सांगितलं, तिचा उल्लेख त्यात सहसा नसतो. मला हे खटकतं.

मी वर्ध्याकडची. लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा तुमच्या पाटीतला टाकळा तेवढा ओळखीचा होता, आमच्याकडचा तरोटा. शेवळं मात्र जन्मात पाहिली नव्हती. जांभळट, निमुळते कोंब, जुडी करून बांधलेले. मी जुडी उचलली, पैसे पुढे केले, तर तुम्ही जुडी माझ्या हातातून परत घेतलीत. "काकडं घ्या त्यासंगं, नायतर शेवळं नका नेऊ ताई." काकडं म्हणजे आंबट रानफळं. हातात आलेलं गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता असं सांगणारं माणूस विरळा. मग तिथेच एक शेवळं सोलून दाखवलंत. वरचं आवरण काढलं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग नखाने खुडून बाजूला टाकला. "ह्यो ऱ्हायला तर घसा धरतोय."

पुढे वाचनात आलं की शेवळं, सुरण, अळू ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, ते तोंडाला आणि घशाला टोचतात, म्हणून जोडीला आंबट लागतं. पुस्तकातली ही गोष्ट तुम्ही मला आधीच हातात देऊन ठेवली होती, त्या हिरव्या, आवळ्याहून लहान काकडांच्या रूपाने.

तेव्हापासून शेवळं तुम्ही सांगितलीत तशीच करते. काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून आंबट पाणी गाळून घ्यायचं. तेलावर कांदा, मग बारीक चिरलेली शेवळं, चांगली मऊ पडेपर्यंत परतायची. मोड आलेले सोललेले वाल, हळद, तिखट, मीठ, काकडाचं पाणी आणि झाकण. वाल शिजले की ओलं खोबरं. मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही, हे तुमचं सांगणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. माहेरी भाजी म्हणजे तर्री, खमंग मसाला. तो मला आजही आवडतो. पण रानातली भाजी नीट निवडली आणि तिला तिची जोडी दिली की तिची स्वतःची चव पुरते, हे मी तुमच्याकडून शिकले.

कुलूची भाजीही तशीच. तिचा मधला कडक दांडा काढायचा आणि मुळाकडच्या पांढऱ्या भागात माती अडकते, म्हणून पाणी निवळेस्तोवर धुवायचं. वर बेसन पेरलं की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

फळांचंही तुम्हीच शिकवलंत. उन्हाळ्यात फणसाचे गरे खाल्ले की आठळ्या धुऊन, सुकवून ठेवायच्या आणि पावसात कोवळ्या टाकळ्यात घालायच्या. उकडून, सोलून, अर्ध्या करून. टाकळ्याची किंचित कडसर चव आणि आठळीचा पिठूळ गोडवा, वर लसणाची फोडणी. माझ्या सासूबाईंनी ती भाजी खाल्ली आणि कुणाकडून शिकलीस म्हणून विचारलं. मी तुमचं सांगितलं. आंबाड्याचं गूळ-मोहरी घातलेलं रायतं आता आमच्याकडे सणालाही होतं.

तुमच्याजवळ उभी असताना कानावर येतं, "जुडीमागे पाच रुपये कमी करा." पहाटे रान तुडवायचं, ओल्यात निवडायचं, जुड्या बांधायच्या, आटगावहून लोकल धरायची, गर्दीत पाटी सांभाळायची. ते पाच रुपये कशातले कमी करायचे? ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सव भरतात, लोक कौतुकाने जातात, चांगलंच आहे. पण शेवळं तोवर संपलेली असतात, टाकळाही जून झालेला असतो. त्या भाज्या जूनच्या पहिल्या पावसात, तुमच्यासारख्यांच्या पाटीतच मिळतात, आणि तिथे भाव न पाडता घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

मावशी, तुम्ही मला विकत काही शिकवलं नाहीत. गर्दीच्या वेळी, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आणि एक काम आहे. आमच्या मजल्यावरच्या दोघी शेजारणींनाही यंदा शेवळं करायची आहेत. मी त्यांना निवडून दाखवणार आहे. पुढच्या खेपेला तीन घरांच्या जुड्या बाजूला काढून ठेवा, काकडांसकट.

तुमची,
वर्ध्याची ताई