मेमरी खराब ठरवण्यापूर्वी ड्रायव्हर तपासा

महोदय,

स्क्रीन बंद केल्यानंतर फोन गोठतो, या तक्रारीवर आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेल्या मजकुरात सगळे खापर मेमरीच्या चिपवर फोडले आहे. मी स्टोरेज ड्रायव्हरचेच, म्हणजे फोनची मेमरी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचेच, काम करीत असल्याने त्याची दुसरी बाजू मांडावीशी वाटते.

आजच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये यूएफएस प्रकारची, म्हणजे फोटो-फाइली कायम साठवणारी, मेमरी बोर्डावरच जोडलेली असते. फोन निष्क्रिय झाला की लिनक्स कर्नलमधील (अँड्रॉइडच्या गाभ्यातील) ड्रायव्हर कॅशेतील, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातील, माहिती चिपवर उतरवून घेतो आणि ‘स्टार्ट स्टॉप युनिट’ ही कमांड देऊन तिला कमी विजेच्या अवस्थेत पाठवतो. एरवी मिलिसेकंदाच्या आत पूर्ण होणारी ही कमांड क्वचित नाकारली जाते. चिप नुकतीच रीसेट झाली असेल तर ‘युनिट अटेन्शन’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ मधल्या काळात आपली स्थिती बदलल्याचे ती कळवते आहे, इतकाच. तीच कमांड पुन्हा दिली की ती निमूटपणे पाळली जाते.

खरी अडचण हे अपयश ड्रायव्हर कर्नलच्या वरच्या थराला कसे कळवतो, यात आहे. कर्नलच्या रनटाइम वीज-व्यवस्थापनात (फोन चालू असताना वापरात नसलेले भाग झोपवणाऱ्या यंत्रणेत) सस्पेंडच्या, म्हणजे असा भाग झोपवण्याच्या, वेळी ‘सध्या व्यग्र’ आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ या अर्थाचे एरर कोड तात्पुरते मानले जातात. दुसरा कोणताही कोड आला, तर तो गंभीर समजून, स्थिती नव्याने ठरवून दिली जाईपर्यंत त्या डिव्हाइसचे सस्पेंड-रिझ्यूम (झोपवणे-जागवणे) बंद ठेवले जाते. मग वाचन-लेखनाच्या विनंत्या रांगेत अडकतात आणि धडधाकट चिप असूनही फोन गोठतो. यूएफएस ड्रायव्हरमध्ये यावर झालेली दुरुस्ती मला योग्य वाटते: कमांड फसली की एरर हँडलर (बिघाड सावरणारा कोड) सुरू करायचा, वर ‘व्यग्र’ असे कळवायचे आणि तेवढ्यापुरता सस्पेंड सोडून द्यायचा.

किती वेळ थांबायचे, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. सस्पेंडला 20 सेकंदांहून अधिक वेळ लागला तर अँड्रॉइड फोनवर कर्नल पॅनिक घडवला जातो, म्हणजे कर्नल काम थांबवतो, म्हणून 2022 मध्ये ‘स्टार्ट स्टॉप युनिट’ कमांडचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) 1 सेकंदावर आणला गेला. पुढे एका चिप उत्पादकाने 3 आणि दुसऱ्याने 10 सेकंद मागितले, तेव्हा तो 10 सेकंद करण्यात आला. दोन-तीन प्रयत्नांत 20 सेकंदांची मर्यादा ओलांडली जाईल, ही शंका रास्त आहे. परंतु पुन्हा प्रयत्न करावा लागतो तो मुख्यतः युनिट अटेन्शनमुळे, आणि ते उत्तर लगेच येत असल्याने त्या प्रयत्नांत फारसा वेळ जात नाही.

असे अपयश वाट पाहून सापडत नाही, ते मुद्दाम घडवावे लागते. कर्नलमध्ये यूएफएससाठी फॉल्ट इंजेक्शनची, म्हणजे चाचणीसाठी मुद्दाम बिघाड घडवण्याची, सोय आहे. फोन बाजारात आणण्यापूर्वी ती वापरून सस्पेंडची चाचणी घेणे कंपन्यांना अशक्य नाही. अशा दुरुस्त्या जुन्या मॉडेलपर्यंतही पोहोचल्या पाहिजेत. आणि सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलण्याचा सल्ला देण्याआधी फोन सुरू होत असेल तर कर्नल लॉग (कर्नलने केलेल्या नोंदी) पाहावा, कारण बोर्डाबरोबर ग्राहकाचे फोटो आणि कागदपत्रेही जातात.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे