शनिवारी कागदी शिल्पाचा तास (आठवी ‘ब’)

पालकहो, नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी ८ ते १० चित्रकलेच्या वर्गात मुलं घनवादी पद्धतीचा कागदी चेहरा करणार आहेत. घनवादी चित्रकार पिकासोनं १९१२मध्ये पुठ्ठा, दोरी आणि तार घेऊन गिटारचं शिल्प घडवलं होतं. आपली सुरुवात तिथूनच.

सोबत द्या:
- जुन्या वह्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिका (नवं काही विकत आणू नका)
- फेव्हिकॉल, सुतळी, बोथट टोकाची कात्री

कटर अजिबात नको. जाड पुठ्ठा मी कापून देईन.

एक कळकळीची विनंती, शिल्प घरून करून पाठवू नका. नाक बाजूनं आणि डोळा समोरून दिसला तरी ते चुकलेलं नाही, घनवादात एकच वस्तू अनेक बाजूंनी एकदम दाखवतात. बुटांचे रिकामे खोके असतील तर शुक्रवारीच पाठवा.

– कलाशिक्षिका