सर्टिफिकेट मागता, मग शिकायला वेळही द्या

संपादक महोदय,

आयटीत सर्टिफिकेशनला किंमत आहे की नाही यावर आमच्यात कायम वाद चालतो, अर्धे म्हणतात कागद घेऊन काय करायचंय काम येतं का ते बघा आणि बाकीचे एकामागून एक पेपर देत सुटतात. मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळतोय, आणि मला विचाराल तर दोष कागदाचा नाही, तो मागायच्या पद्धतीत आहे.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आला होता, हुशार, लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं सर्टिफिकेट असलेला, पण ते ऑप्शनवाल्या पेपरचं. त्याने एका सर्व्हरला नवीन डिस्क लावली, माउंट केली म्हणजे सिस्टिमला जोडली, डेटाबेस सुरू झाला, सगळं छान. काही दिवसांनी रात्री पॅचिंगसाठी, म्हणजे अपडेट टाकायला, मशीन रिबूट केलं आणि डेटाबेस काही उठेना. शोधता शोधता दोन तास गेले आणि सापडलं काय तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, एंट्रीच नव्हती! एका ओळीचं काम. नंतर शांतपणे विचारलं तेव्हा बिचाऱ्याने खरं सांगितलं, आधीच्या कंपनीत क्लायंटला सर्टिफाइड माणसांचा आकडा दाखवायचा होता म्हणून 15 दिवसांत पास हो असं सांगितलेलं, वर रोजची तिकिटं, म्हणजे तक्रारींची कामं, चालूच, मग त्याने डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ केले. मला त्याचा राग नाही आला, 15 दिवस देणाऱ्याचा आला.

आता हेच रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेचं बघा. तिथे ऑप्शन नाहीत, 3 तास समोर चालू सिस्टिम, इंटरनेट बंद, अडलात तर मॅन पेज, म्हणजे सिस्टिममधलीच मदतीची पानं, वाचा, आणि केलेलं सगळं रिबूटनंतरही टिकलं पाहिजे नाहीतर मार्क नाहीत. मी तयारी करताना घरच्या मशीनवर इतक्या वेळा रिबूट मारलाय की आता कामावरही काही बदललं की रिबूट करून बघितल्याशिवाय हात थांबत नाही, ही सवय मला त्या परीक्षेनेच लावली. सीआयएसएसपी या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला तर नुसता पेपर पास होऊन भागत नाही, 5 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, डिग्रीवर फार तर एखादं वर्ष सूट मिळते. सिस्को या नेटवर्किंग कंपनीची सर्टिफिकेट 3 वर्षांनी रिन्यू करावी लागतात. म्हणजे सगळ्या सर्टिफिकेटना एकाच मापाने मोजणं चूकच आहे.

आणि ज्याच्याकडे मोठ्या कॉलेजची डिग्री नाही, जो हेल्पडेस्कवर पासवर्ड रिसेट करत बसलाय, त्याला वर यायला सर्टिफिकेट हा एकच दरवाजा असतो बऱ्याचदा. तो डम्पवाल्यांमुळे बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कंपन्यांना कळकळीची विनंती, सर्टिफिकेट हवं असेल तर फी तुम्ही भरा, आठवड्यातून निदान अर्धा दिवस तिकिटांपासून सुट्टी द्या आणि मोडतोड करायला एक टेस्ट मशीन द्या. इंटरव्ह्यूमध्ये कागद बघून झाला की 20 मिनिटं कीबोर्ड उमेदवाराच्या हातात द्या, बिघडवलेलं मशीन समोर ठेवा आणि तो कुठून शोधायला लागतो ते बाजूला बसून बघा.

आपला,
एक सिस्टिम अ‍ॅडमिन