वैद्यकीय प्रतिमांच्या संशोधनाची सुरुवात मॉडेलपासून नको

महोदय,

एक्स-रे, सीटी स्कॅन, डोळ्याच्या पडद्याचे फोटो संगणकाकडून वाचून घेण्याचे शास्त्र, म्हणजे वैद्यकातले कॉम्प्युटर व्हिजन, हल्ली करिअरविषयक पानांवर वारंवार दिसते. सल्ला ठरलेला असतो : पायथन शिका, डीप लर्निंगचा कोर्स करा, एखादा खुला डेटासेट (प्रतिमांचा संच) डाउनलोड करा, मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम) चालवा आणि पेपर लिहा. ज्यांना पीएचडी करून पुढे अध्यापन-संशोधनातच राहायचे आहे, त्यांची या सल्ल्याने दिशाभूल होते.

मॉडेल हा आता या कामाचा सर्वांत तयार भाग आहे. प्रतिमेतला अवयव किंवा गाठ रेखून देणारे यू-नेट हे मॉडेल २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये तयार झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले एनएन-यूनेट तर प्रतिमांचा आकार, त्यांची कापणी, एका वेळी किती प्रतिमा शिकवायच्या (बॅच) हे सगळे डेटा पाहून स्वतःच ठरवते आणि खास बांधलेल्या अनेक मॉडेलांच्या तोडीस तोड उतरते. नव्या विद्यार्थ्याने यू-नेटला आणखी एक थर जोडून अचूकतेत अर्धा टक्का वाढवला, तर त्याला संशोधन म्हणणे कठीण आहे. तोच अर्धा टक्का ट्रेनिंगचा रँडम सीड, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, बदलूनही मिळतो.

खरे काम डेटात आहे आणि चुकाही तिथेच होतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१७ मध्ये छातीचे १,१२,१२० एक्स-रे खुले केले. त्यांवरची रोगांची नावे कोणी एकेक एक्स-रे पाहून दिलेली नाहीत, रेडिओलॉजिस्टच्या लेखी अहवालांतून सॉफ्टवेअरने वेचून काढलेली आहेत. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचणे) असलेल्या बऱ्याच एक्स-रेंत उपचारासाठी घातलेली नळी आधीच दिसते. मॉडेल ती नळी ओळखायला शिकते, गुणही चांगले मिळवते. पण ज्याला अजून नळी घातलेली नाही आणि ज्याचे निदान तातडीने हवे आहे, नेमका तोच रुग्ण त्याच्या हातून सुटतो. २०१८ मधल्या एका अभ्यासात न्यूमोनिया शोधणारे मॉडेल एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे अचूक ओळखत होते, आणि एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण जास्त असल्याचा फायदा उठवत होते. कोविडच्या काळात तर मोठ्यांचे कोविडचे एक्स-रे आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांचे निरोगी एक्स-रे एकत्र करून मॉडेले शिकवली गेली. ती कोविड शिकली की वय, हे सांगता येणार नाही. केंब्रिजच्या गटाने २०२१ मध्ये अशा ६२ अभ्यासांची बारकाईने छाननी केली. प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरण्याजोगा त्यांत एकही निघाला नाही.

म्हणून पहिले वर्ष डेटासाठी द्यावे. डायकॉम फाइल (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचा प्रमाणित प्रकार) स्वतः उघडून वाचायला शिका. सीटीतले आकडे रीस्केल स्लोप आणि इंटरसेप्ट (फाइलमध्येच दिलेले गुणक आणि बेरजेचा आकडा) लावल्याशिवाय हाउन्सफील्ड या सीटीतल्या घनतेच्या एककात येत नाहीत. लावल्यावर पाणी शून्यावर आणि हवा उणे १,००० च्या आसपास दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर तिथेच थांबा. काही एक्स-रे मोनोक्रोम-१ या पद्धतीने साठवलेले असतात. ते उलटवून घेतले नाहीत तर हाडे काळी आणि फुप्फुसे पांढरी दिसतात. फाइलचे रूपांतर करताना डावे-उजवे बदलू शकते, ते यकृत कोणत्या बाजूला आले हे पाहून तपासावे. फाइलच्या हेडरमधून (माहितीच्या भागातून) रुग्णाचे नाव काढले तरी सोनोग्राफीच्या चित्रावर छापलेले नाव तसेच राहते. नीतिमत्ता समितीच्या परवानगीला काही महिने सहज लागतात, म्हणून तो अर्ज अगदी सुरुवातीलाच करावा.

ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायच्या) आणि टेस्ट (त्याला तपासायच्या) प्रतिमांची विभागणी नेहमी रुग्णानुसार करावी, प्रतिमेनुसार कधीही करू नये. एकाच माणसाचे दोन एक्स-रे, सूक्ष्मदर्शकाच्या एकाच काचपट्टीच्या प्रतिमेचे तुकडे किंवा एकाच एंडोस्कोपीच्या फ्रेम दोन्हीकडे गेल्या, की मॉडेल रोग सोडून माणूस ओळखू लागते. ९९ टक्के अचूकतेचा दावा दिसला की आम्ही आधी हेच पाहतो.

प्रतिमांना लेबल (कोणता रोग आणि कुठे, ही नोंद) देण्यासाठी किमान दोन, शक्य तर तीन तज्ज्ञ हवेत आणि त्यांनी एकमेकांचे काम न पाहता लेबल द्यावे. आधी ५० प्रतिमांवर चाचणी घ्यावी. गाठीभोवतीची सूज धरायची की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे लेखी ठरवावीत आणि मगच पुढे जावे. तज्ज्ञांचे मतभेद पुसून टाकू नयेत. तज्ज्ञांमध्येच जिथे एकमत नाही, तिथे मॉडेल किती अचूक आहे हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारावा लागतो.

आकडेशास्त्राकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हजार लोकांत दहाच आजारी आहेत आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना आजारी ओळखण्याचे प्रमाण) व स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निरोगी ओळखण्याचे प्रमाण) दोन्ही ९० टक्के आहेत, असे धरा. ती नऊ आजारी शोधेल आणि ९९ निरोगी माणसांनाही आजारी ठरवेल. म्हणजे आजारी ठरवलेल्या १०८ जणांत खरे रुग्ण फक्त नऊ. निम्मे आजारी असलेल्या डेटासेटवर मात्र हीच चाचणी उत्तम दिसते. तसेच २० रुग्णांपैकी १८ सापडले याला ‘९० टक्के’ म्हणून सोडून देता येत नाही. ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरे प्रमाण ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पल्ला, साधारण ७० ते ९७ इतके रुंद येते. ते छापलेच पाहिजे.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेतले जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारे वेगवान प्रोसेसर) मोजण्यापेक्षा एक गोष्ट पाहा : दर आठवड्याला वेळ देणारा डॉक्टर सहमार्गदर्शक आहे का. मॉडेलच्या उत्तराने उपचाराचा कोणता निर्णय बदलेल, हे तोच सांगू शकतो. संगणकशास्त्रात मिक्काईसारख्या (वैद्यकीय प्रतिमांवरच्या) परिषदांना वजन आहे, वैद्यकात नियतकालिकांना. दोन्हीकडे काम करणाऱ्या तरुणाची यात ओढाताण होते आणि नेमणुकीच्या वेळी दोन्ही विभाग त्याला परका मानतात. हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

विद्यापीठांनी यात बदल करावा. नीट लेबल केलेला आणि दस्तऐवजासह खुला केलेला डेटासेट, दुसऱ्याचे मॉडेल वेगळ्या रुग्णालयातल्या प्रतिमांवर तपासून ते चालत नसल्याचे दाखवणारा पेपर, या दोन्हींना नव्या मॉडेलच्या पेपरइतकेच गुण मिळायला हवेत. निवड समितीने पेपरांची संख्या विचारण्याआधी टेस्टमधल्या प्रतिमा कोणत्या रुग्णालयातून आणि कोणत्या यंत्रावरून आल्या, विभागणी कशी केली, आणि मॉडेल कोणत्या रुग्णांवर चुकते, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना उमेदवार चुकलेल्या प्रतिमा समोर ठेवून बोलू लागला, तर त्याने डेटा स्वतः पाहिला आहे हे समितीला तिथल्या तिथे कळेल.

आपले,
वैद्यकीय प्रतिमा विश्लेषण शिकवणारे काही अध्यापक