वीस नव्हे, तीस

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं आई विचारेल. बाबा, गेल्या महिन्यात मी फोनवर 'तीसला येतेय' म्हटलं आणि तुम्ही वीसलाच इचलकरंजीच्या स्टँडवर भर पावसात दोन तास उभे राहिलात. मला त्यावरून एका शब्दानेही बोलला नाहीत, आईकडून कळलं. तेव्हापासून मला चैन नाही.

तुम्ही म्हणता, मला ऐकू येतं, तुम्ही पोरंच पुटपुटता. ऐकू येतं हे खरंच आहे. आवाज पोचतो, पण शब्द कळत नाही. गोंगाटाने कान अधू होतात तेव्हा आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात, आणि स, त, क ही अक्षरं त्यातच मोडतात. नुसता 'ई' पोचला, बाकीची अक्षरं तुम्ही अंदाजाने लावलीत. समोरासमोर तुमचं अडत नाही, कारण तुम्ही तोंडाकडे बघून ऐकता. ही सवय यंत्रमागाच्या कारखान्यातली. मी डबा घेऊन यायचे तेव्हा उंबऱ्यातच पायाखालची फरशी थरथरायची, चोवीस मागांचे धोटे एकदम आपटत असायचे आणि तुम्ही पलीकडून नुसते ओठ हलवून 'जेवलीस का' विचारायचात. मला ती जादू वाटायची.

आज त्याच गोंगाटाचा त्रास होतो. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त थांबू नये म्हणतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. मागांचा खडखडाट नव्वदीच्या वरचा. तुम्ही त्यात 32 वर्षं मागांची दुरुस्ती-देखभाल करत जॉबरकी केलीत, बारा-बारा तासांची पाळी. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारख्या नाजूक पेशी असतात, एका कानात पंधराएक हजार. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मालकांनी कधी कानात घालायला काही दिलं नाही. तुम्ही कापूस घालायचात, पण त्याने आवाज फारसा अडत नाही. म्हणून यात तुमची काही चूक नाही, बाबा. लाजायचं तर मुळीच कारण नाही.

आई, तूही त्याच शेडमध्ये आठ वर्षं सुताच्या कांड्या भरल्यास. बाबांबरोबर तुझ्याही कानांची तपासणी करायची. आणि एक सांगू? हल्ली बाबांनी 'काय?' विचारलं की तू 'काही नाही, जाऊ दे' म्हणतेस. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, आणि उपचार न केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, असं डॉक्टर सांगतात.

तपासणीत दुखतखुपत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. ऐकायचं मशीन लागलं तर लावू. गेलेलं परत येणार नाही, पण माझं बोलणं तुम्हाला कळेल. तोवर कानात गरम तेल घालायचं नाही.

आणि गणपतीत यंदा मंडळाच्या डीजेपुढे उभं राहायचं नाही. शंभर डेसिबलला पाव तासात कानाची मर्यादा संपते, तिथे तर त्याहूनही जास्त असतो. शिवाय असल्या आवाजाने बीपी चढतं आणि तुमची गोळी चालू आहे. ढोल-ताशा ऐकायचाच तर लांबून, कानात फोमचे बोळे घालून. सोबत दोन जोड पाठवते. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. रात्री दहानंतर स्पीकर वाजला तर 112 ला फोन करा. रात्री 45 डेसिबल ही वस्तीतली मर्यादा नियमातच आहे.

मी शनिवारी येते. तपासणीसाठी सकाळी अकराची वेळ घेतली आहे, रिक्षाही सांगून ठेवली आहे. तारीख 22. बावीस. स्टँडवर येऊ नका, मीच घरी येते.

तुमची,
धाकटी