पगारपत्रकातल्या एका ओळीबद्दल

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही ही तुझी अट, म्हणून नुसतं ताई. पुण्यातल्या पाषाणच्या लॅबमध्ये आपली ओळख जेमतेम तीन महिन्यांची. तू थिसिस देऊन जर्मनीत कार्ल्सरुहेला गेलीस आणि तुझ्या रिकाम्या टेबलावर मी बसलो. चार वर्षांनी मीही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा, शोधायला लागलो, तेव्हा तुला त्रास द्यायचा मला तसा काही हक्क नव्हता.

तोवर मी साठेक प्राध्यापकांना ईमेल पाठवून बसलो होतो. नाव तेवढं बदलायचं, मजकूर तोच. उत्तरं आली चार, चारही नकाराची. त्यातला एक वाचून तू विचारलंस, "यातलं तुझं नाव खोडून माझं घातलं तर काय बिघडेल?" काहीच बिघडलं नसतं. पुढचा ईमेल लिहायला मला नऊ दिवस लागले. सोडियम बॅटरीत हार्ड कार्बनच्या, म्हणजे तिच्या ऋण टोकाच्या कार्बनच्या, आत सोडियम नेमकं कुठे जाऊन बसतं, हा जर्मनीतल्याच उल्ममधल्या एका गटाचा प्रश्न. बॅटरी चालू असतानाच लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून आतले बदल टिपायची, म्हणजे रामन स्पेक्ट्रम घ्यायची, माझी जुळणी तिथे कुठे उपयोगी पडेल, एवढंच दहा ओळींत लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. परदेशी संशोधकांना जर्मनीत बोलावणाऱ्या हुम्बोल्ट फेलोशिपचा अर्जही तू समांतर तयार करायला लावलास: पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, वर्षभरात कधीही, पण यजमान प्राध्यापक आधी हवा.

मधेच दुसऱ्या एका ठिकाणाहून स्टायपेंड, म्हणजे नोकरीच्या कराराऐवजी नुसतं विद्यावेतन, देऊ केला गेला. टॅक्स नाही! मी रात्री अकराला तुला फोन केला, पेढे वाटायच्या आवाजात. तू शांतपणे हिशेब मांडलास. स्टायपेंडवर पेन्शन विमा नाही, बेकारी विमा नाही, आरोग्य विम्याचा सगळा हप्ता स्वतःच्या खिशातून. नोकरीच्या करारावर असशील तर टॅक्स जातो खरा, पण विम्याचा निम्मा भार मालक उचलतो. "जाहिरातीत टीव्ही-एल ई १३, म्हणजे ती सरकारी पगारश्रेणी, आणि शंभर टक्के, म्हणजे पूर्णवेळ, हे दोन शब्द शोध," म्हणालीस, "आणि सही करायच्या आधी अनुभव मोजायला लाव. स्टुफे, म्हणजे श्रेणीतली पायरी, त्यावरच ठरते." मी तो स्टायपेंड नाकारला. त्या रात्री झोप लागली नाही, हेही सांगून टाकतो.

एक गोष्ट तू मला कधीच सांगितली नाहीस. विद्यापीठांतल्या मुदतीच्या करारांचा जर्मनीतला २००७चा कायदा वाचताना माझी मलाच कळली. पीएचडीनंतर अशा करारांवर साधारण सहा वर्षं, मग कायमची जागा तरी हवी, नाहीतर प्रकल्पाच्या पैशावर नवा करार. तुझं पाचवं वर्ष चालू होतं. माझे मसुदे तपासत होतीस तेव्हा स्वतःचे अर्जही लिहीत असणार.

गेल्या महिन्यात कराराच्या नोकरीचं पहिलं पगारपत्रक आलं. 'रेंटनफरझिशरुंग', म्हणजे पेन्शन विमा, या ओळीपुढे पैसे कापलेले. पगार कापला म्हणून पोरगा खूश कसा, हे आईला काही कळेना. तुला मात्र लगेच फोटो पाठवला. तुझं उत्तर एका ओळीचं: "स्टुफे दोन? तीन मागितली नाहीस?"

मागितली आहे, ताई. कागद कार्यालयात अडकलेत.

तुझ्या टेबलावरचा,
तुझा ज्युनियर